भाड्याच्या गाडीने फ्लोरेन्स: गाडी कुठे न्यायची आणि कुठे मुळीच नाही

इटलीत स्वतः गाडी चालवायची म्हणून फ्लोरेन्सचा बेत आखणारे लोक बहुधा दोन गोष्टी विचारतात: गाडी कोणती घ्यावी आणि दिवसाला किती पडेल. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. गाडी नेमकी कोणत्या दिवशी हवी आहे? फ्लोरेन्सचं जुनं शहर पायी पाहायचं असतं. तिथे परवानगीशिवाय गाडी घातली की दंड होतो, आणि तो तुम्हाला घरी परतल्यावर काही महिन्यांनी कळतो. शहराभोवतीच्या टेकड्या, फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याचे वाडे, तटबंदीची गावं आणि किआंती या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातले वळणावळणाचे रस्ते यांच्यासाठी मात्र स्वतःची गाडी असणं फार मोलाचं ठरतं. हे दोन भाग एकमेकांत मिसळू न देणं, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी सहल अवलंबून आहे. आम्ही जे शिकत गेलो ते इथे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी दिवस वाटून घ्या, मग गाडी ठरवा

नकाशा डोक्यात बसवण्यासाठी थोडा इतिहास लागतो. फ्लोरेन्सभोवती तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १३३३ पर्यंत बांधलेला मोठा तट होता. १८६५ मध्ये हे शहर इटलीच्या राज्याची राजधानी झालं, तेव्हा ज्युसेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाने आर्नो नदीच्या उत्तरेकडचा बहुतेक तट पाडून त्या जागी रुंद रस्ते काढले. त्यांना तिथे ‘विआली’ म्हणतात. तट गेला तरी वेशी राहिल्या. पियाझ्झा देल्ला लिबेर्तामध्ये पोर्ता सान गाल्लो, पियाझ्झा बेक्कारियामध्ये पोर्ता आल्ला क्रोचे, पश्चिमेला पोर्ता अल प्रातो आणि नदीच्या दक्षिणेला पोर्ता रोमाना. गाडीबंदीची आजची हद्द ढोबळमानाने याच जुन्या तटाच्या रेषेवरून जाते. म्हणून चौकात एकटी उभी असलेली जुनी वेस दिसली की समजायचं, इथून आत गाडी नाही.

या रेषेच्या आत पाहण्यासारखं जे आहे ते एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४३६ मध्ये पुरा केलेला कॅथेड्रलचा घुमट, उफ्फिझी चित्रसंग्रहालय, १३४५ चा पोन्ते वेक्कियो पूल, नदीपलीकडचा पित्ती राजवाडा आणि अकादेमिया संग्रहालयातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा. यांना निदान दोन पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवसांत गाडी भाड्याने घेऊच नका. उभ्या गाडीचं भाडं आणि पार्किंगचे पैसे दोन्ही वाया जातात. विमानतळावरून टी-२ ही ट्राम शहरात येते, रेल्वेने आलात तर सांता मारिया नोव्हेल्ला स्थानक जुन्या शहराला खेटूनच आहे.

उफ्फिझी, अकादेमिया आणि पित्ती राजवाडा सोमवारी बंद असतात, त्यामुळे गाडीचे दिवस सोमवारपासून सुरू करणं सोयीचं पडतं. शनिवार-रविवार शहर, सोमवारी सकाळी गाडी ताब्यात, अशी मांडणी मला सगळ्यात चांगली वाटते. घुमटावर चढायचं असेल तर वेळ आधी आरक्षित करावी लागते. पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघेदुखी असलेल्यांना हे तिकीट काढण्याआधीच सांगा.

२. भारतातून निघण्यापूर्वी जमवायची कागदपत्रं

आपला वाहन परवाना इंग्रजीत छापलेला आहे, मग वेगळं काही कशाला, असं अनेकांना वाटतं. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना किंवा अधिकृत भाषांतर लागतं. काउंटरवरच्या माणसाने तो मागितला नाही म्हणून गाडी मिळेलही, पण रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर किंवा अपघात होऊन विम्याचा प्रश्न आला तर तुम्ही अडकता. हा परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो. सारथी पोर्टलवर नमुना ४-अ भरून अर्ज करायचा. केंद्राच्या नियमांत त्याचं शुल्क १,००० रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. प्रवासाच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच अर्ज करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

सोबत हे सगळं हवं:

- मूळ वाहन परवाना. आंतरराष्ट्रीय परवाना एकटा चालत नाही, दोन्ही एकत्र दाखवावे लागतात. फोनवरची प्रत धरत नाहीत.
- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा.
- गाडी ज्याच्या नावावर आरक्षित आहे त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड.
- आरक्षणाची छापील प्रत, विम्याच्या अटींसकट.
- दुसरी व्यक्तीही गाडी चालवणार असेल तर तिचेही दोन्ही परवाने. तिचं नाव करारात लिहून घ्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.

यातला कार्डाचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना अडवतो. गाडी देताना कंपनी कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते, आणि डेबिट कार्ड अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. पती-पत्नी जाताना आरक्षण एकाच्या नावावर आणि कार्ड दुसऱ्याच्या, असं सर्रास होतं, आणि मग काउंटरवर गाडी नाकारली जाते. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुद्दाम चालू करावे लागतात. ते करा, मर्यादा वाढवून घ्या आणि कार्डाचा पिन पाठ ठेवा. शिवाय परवाना, पासपोर्ट आणि कार्ड या तिन्हींवरचं नाव जुळतंय का ते पाहा. एकावर वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा लग्नानंतरचं नाव एकावरच, असं असेल तर आरक्षण पासपोर्टवरच्या नावानेच करा आणि कंपनीला आधी लिहून विचारा.

३. गाडी निवडताना

लहान घ्या. तोस्कानातल्या, म्हणजे फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तिथल्या, गावांच्या गल्ल्या अरुंद, पार्किंगच्या जागा त्याहून अरुंद. चौघांना आणि मध्यम आकाराच्या चार बॅगांना पुरेल एवढीच गाडी बघा आणि बॅगाही त्या हिशेबानेच भरा.

इटलीत गिअरची गाडी हेच सर्वसाधारण मानतात. ऑटोमॅटिक मिळते, पण महाग आणि मोजकी, म्हणून लवकर आरक्षित करावी लागते. पहिल्यांदाच डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर बसणार असाल तर ते जास्तीचे पैसे जरूर द्या. उजव्या हाताने गिअर टाकण्याची सवय करत करत उलट्या बाजूने वाहन हाकणं आणि चढणीवर थांबून पुन्हा निघणं, हे सगळं एकाच सकाळी जमवायला जाऊ नये.

विम्याचं थोडक्यात सांगते. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच समाविष्ट असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षणही बहुतेकदा भाड्यात धरलेलं असतं, पण त्यात ‘फ्रांकिज्या’ नावाची रक्कम असते. तेवढ्या रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या खिशातून जातं, आणि ती सहसा शेकड्यांत नाही, हजार युरोंच्या घरात असते. काचा, टायर आणि गाडीची खालची बाजू अनेकदा संरक्षणातून वगळलेली असते. ही रक्कम शून्यावर आणणारं संरक्षण कंपनीकडून घ्यायचं की बाहेरच्या विमा कंपनीकडून, हे घरी बसून ठरवा. बाहेरचं स्वस्त पडतं, पण नुकसान झालं तर आधी तुम्ही भरता आणि मग परत मागता. काउंटरवर, प्रवासाने थकलेले असताना, मागे रांग उभी असताना हा निर्णय घेऊ नका.

४. गाडी ताब्यात घेताना

शहराच्या मध्यभागी, बोर्गो ओन्यिस्सांतीच्या आसपास, भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं आहेत. हॉटेलपासून जवळ म्हणून ती मोहात पाडतात. नवख्याने तरीही विमानतळावरूनच गाडी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मध्यभागातून बाहेर पडताना पहिल्याच दहा मिनिटांत बंदीची हद्द, बसच्या मार्गिका आणि एकेरी रस्ते सगळे एकदम समोर येतात. पेरेतोलाच्या विमानतळावरून निघालात तर सरळ मोठ्या रस्त्याला लागता. गाड्यांची केंद्रं टर्मिनलपासून थोडी दूर आहेत, तिथे नेणारी बस असते. ट्रामने विमानतळ आणि तिथून बस, याला लागणारा वेळ हिशेबात धरा.

चावी हातात आली की घाई करू नका. गाडीभोवती फिरत सलग चित्रफीत काढा: चारही बाजू, चाकांच्या कडा, आरसे, समोरची काच, छप्पर, आतलं इंधन आणि किलोमीटरचा आकडा. जो ओरखडा करारातल्या आकृतीत नाही तो त्यांच्याकडून लिहून घ्या. त्रिकोणी फलक आणि चमकणारं जाकीट गाडीत आहे का ते पाहा. इंधन कोणतं तेही टाकीच्या झाकणावर वाचून घ्या. लहान मूल सोबत असेल तर १५० सेंटीमीटर उंचीपर्यंत मुलांची योग्य आसनं सक्तीची आहेत, तीही आरक्षणातच मागून ठेवा.

मग पार्किंगमध्येच दोन-चार फेऱ्या मारा. इंडिकेटर आणि वायपरचे दांडे आपल्या उलट बाजूंना असतात.

५. झेडटीएल: सगळ्यात महत्त्वाची पायरी

जुन्या शहरातल्या मर्यादित वाहतुकीच्या क्षेत्राला इटलीत झेडटीएल म्हणतात. स्थानिक रहिवासी, परवानगी असलेली वाहनं आणि टॅक्सी वगळता इतरांना ठरावीक वेळी तिथे प्रवेश नाही. अडवायला दांडी किंवा पोलीस नसतो. प्रवेशाच्या जागी कॅमेरा असतो, तो नंबरपाटी वाचतो आणि झालं. तुम्ही आत जाता, कोणी काही बोलत नाही, आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

फ्लोरेन्समध्ये दिवसाची बंदी सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.३० ते रात्री ८ आणि शनिवारी सकाळी ७.३० ते दुपारी ४ अशी चालत आली आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांत गुरुवार ते शनिवार रात्रीही ठरावीक तास बंदी असते. या वेळा बदलतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यात नगरपालिकेच्या संकेतस्थळावर एकदा पाहा. वेळा माहीत असल्या तरी त्यांच्या काठाकाठाने आत शिरण्याचा खटाटोप करू नये, असं मी सांगेन. आत गाडीने पोचून मिळवण्यासारखं काहीच नाही.

ओळखायचं कसं? लाल कडा असलेला पांढरा गोल फलक, खाली वेळा लिहिलेल्या, आणि बहुतेक प्रवेशांवर अक्षरं उजळणारी पाटी. तिच्यावर ‘वार्को आत्तीवो’ असं उजळलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे आणि तुम्हाला बंदी आहे. ‘आत्तीवो’ वाचून प्रवेश चालू आहे असं समजणारे पुष्कळ असतात आणि नेमके तेच दंड भरतात. ‘वार्को नॉन आत्तीवो’ म्हणजे त्या वेळी बंदी नाही.

आता यातल्या नेहमीच्या अडचणी सांगते.

नकाशाचं ॲप झेडटीएल ओळखेलच याचा भरवसा धरू नका. ते जवळचा रस्ता म्हणून थेट आत नेऊ शकतं. गंतव्य म्हणून कधीही वास्तूचं किंवा चौकाचं नाव घालू नका, पार्किंगचं नाव घाला. ही एक सवय लावली तरी बहुतेक धोका टळतो.

हॉटेल आत असेल तर आरक्षण करतानाच विचारा की ते पाहुण्यांच्या गाडीचा नंबर नोंदवतात का. बरीच हॉटेलं सामान उतरवण्यासाठी किंवा त्यांच्या गॅरेजपर्यंत येण्यासाठी तशी नोंद करतात. गाडी ताब्यात घेतल्यावरच नंबर कळतो, म्हणून तो तेव्हाच लेखी पाठवा आणि नोंद झाल्याचं उत्तर जपून ठेवा. आतल्या खासगी गॅरेजवाल्यांनाही अशी नोंद करता येते. नोंद झालेली असली तरी नेमून दिलेल्या वाटेनेच जा, आणि एका कामासाठीची परवानगी घेऊन गावभर हिंडू नका.

एकदा आत शिरलात म्हणून पुन्हा शिरायला हरकत नाही, असं समजू नका.  चुकून शिरलात असं लक्षात आलं तर घाबरून वळणं घेत बसू नका. समोरून सर्वांत जवळच्या मोठ्या रस्त्याला बाहेर पडा.

बसच्या मार्गिकांवरही कॅमेरे असतात. जमिनीवर ‘बुस’ लिहिलेली, पिवळ्या रेघेने वेगळी केलेली मार्गिका रिकामी दिसली तरी तिच्यात शिरायचं नाही. आणि झेडटीएल ही काही फ्लोरेन्सचीच गोष्ट नाही. सिएना, पिसा, लुक्का, सान जिमिन्यानो, सगळीकडे आहे. प्रत्येक गावाच्या तटाबाहेर थांबायचं, हाच नियम ठेवा.

६. गाडी उभी करायची कुठे

शहराबाहेरून महामार्गाने येत असाल तर व्हिल्ला कोस्तांझाइतकी चांगली सोय दुसरी नाही. हे पार्किंग ए-१ महामार्गावरच आहे, स्कांदिच्चीपाशी. गाडी थेट महामार्गावरून आत घ्यायची, तिथे उभी करायची आणि टी-१ ट्रामने सांता मारिया नोव्हेल्ला गाठायचं. झेडटीएलची हद्द, विआलींवरची गर्दी, काहीच वाटेत येत नाही. एक लक्षात घ्या: गाडीने तिथे महामार्गावरूनच पोचता येतं आणि परत महामार्गावरच जावं लागतं. शहराच्या रस्त्यांवरून त्याचं प्रवेशद्वार शोधत बसू नका.

शहराच्या काठाला राहत असाल तर पियाझ्झा देल्ला लिबेर्ताजवळचं पार्तेर पार्किंग बरं. ते हद्दीबाहेर आहे आणि तिथून कॅथेड्रल चालत गाठता येतं. दक्षिणेकडून येताना पोर्ता रोमानाजवळचं ओल्त्रार्नो पार्किंग आहे, पण तिथे वळताना फलक नीट वाचा, हद्द अगदी शेजारी आहे.

रस्त्यावर उभी करायची असेल तर रेघांचे रंग पाहा. इटलीत साधारणपणे पांढरी रेघ म्हणजे मोफत, निळी म्हणजे पैसे भरून, पिवळी म्हणजे राखीव. फ्लोरेन्सच्या बऱ्याच भागांत मात्र पांढऱ्या रेघांमधल्या जागा तिथल्या रहिवाशांसाठी राखीव आहेत. शेजारचा फलक वाचल्याशिवाय पांढऱ्या रेघेवर विश्वास टाकू नका. दुसरा फलक झाडूच्या चित्राचा. तो रस्ता धुण्याचा वार आणि वेळ सांगतो, बहुधा रात्रीची किंवा पहाटेची. त्या वेळी गाडी तिथे असली तर उचलून नेतात. रात्री गाडी लावताना आजूबाजूला सगळं रिकामं दिसत असेल तर आधी हा फलक शोधा.

आणि गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, पाण्याच्या बाटलीशिवाय. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या काच फोडून लुटण्याचे प्रकार दृश्यस्थळांच्या पार्किंगमध्ये होतात. सामान मागच्या डिकीत टाकायचं असेल तर निघतानाच टाका. पोचल्यावर डिकी उघडून बॅगा लपवणं म्हणजे बघणाऱ्याला सांगणंच आहे.

७. उलट्या बाजूने चालवताना

उजवीकडून गाडी चालवणं पहिल्या तासाभरात अंगवळणी पडतं. धोका नंतरचा असतो. रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, सकाळी पार्किंगमधून निघताना हात नकळत डावीकडे वळतो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणायचं, एवढं काम त्याला नेमून द्या. आणखी एक गोष्ट: डावीकडे बसण्याची सवय नसल्यामुळे गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला सरकत जाते. उजवा आरसा आणि उजवी चाकं यांनाच जास्त ओरखडे पडतात ते त्यामुळे.

वर्तुळाकार चौकात डावीकडे बघायचं, आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला फलक दिसला की तुमचा रस्ता प्राधान्याचा. लाल दिव्यावर उजवीकडे वळायला परवानगी नाही.

वेगमर्यादा वस्तीत ५०, साध्या रस्त्यांवर ९०, मोठ्या दुपदरी रस्त्यांवर ११० आणि महामार्गावर १३०, पावसात महामार्गावर ११०. वस्तीबाहेर दिवसाही दिवे लावायचे. फ्लोरेन्स–पिसा–लिव्होर्नो आणि फ्लोरेन्स–सिएना या दोन मोफत रस्त्यांवर मर्यादा सारखी बदलते आणि कॅमेरे भरपूर आहेत, तिथे महामार्गासारखा वेग ठेवू नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा प्रतिलिटर ०.५ ग्रॅम आहे. किआंतीत वाइनची चव घ्यायची असेल तर चालवणारा त्या दिवशी घेणार नाही, हे सकाळीच ठरवा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

८. टोल आणि इंधन

महामार्गावर शिरताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे भरायचे. टोलनाक्यावर पिवळ्या ‘तेलेपास’च्या रांगेत जाऊ नका, ती खास उपकरण असलेल्यांसाठी आहे. हात आणि नाण्यांचं चित्र असलेली पांढरी पाटी म्हणजे रोख, निळी म्हणजे कार्ड. चुकून पिवळ्या रांगेत शिरलात तर गाडी मागे घ्यायची नाही. तिथे मदतीचं बटण असतं, ते दाबा. पैसे न भरल्याची पावती मिळाली तर ती रक्कम १५ दिवसांत भरता येते.

पंपावर ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. दुसरं नाव वाचून पेट्रोल समजू नका, भाड्याच्या गाडीत चुकीचं इंधन गेलं तर तो खर्च विम्यात येत नाही. स्वतः भरायच्या यंत्रावर दर कमी, कर्मचाऱ्याने भरून दिलं तर जास्त. यंत्र आधी कार्डावर मोठी रक्कम अडकवतं आणि नंतर खरी रक्कम वजा करतं, म्हणून मर्यादेत थोडी जागा असू द्या.

९. गाडीने पाहायचं काय

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. पोर्ता रोमानापासून विआले मॅकियाव्हेल्ली, विआले गालिलेओ असा टेकड्यांवरून जाणारा रस्ता घ्या. हाही पोज्जीनेच आखला. हद्दीबाहेरचा, सावलीचा, रुंद, नव्या चालकाला हात बसवायला उत्तम. तो पियाझ्झाले मिकेलांजेलोपाशी येतो. तिथून सगळं शहर दिसतं, पण खरी थांबायची जागा त्याच्या वर आहे: सान मिनियातो आल मोन्ते. १०१८ मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च, पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचं. बहुतेक गर्दी खालच्या चौकातूनच परत फिरते.

त्याच दिवशी दुपारी उत्तरेला फिएसोले. फ्लोरेन्सहून जुनं, रोमनांच्या आधीच्या एट्रस्कन लोकांचं गाव, आजही तिथे त्यांच्या तटाचे दगड, रोमन नाट्यगृह आणि स्नानगृहांचे अवशेष आहेत. चढण अरुंद आहे, समोरून बस येते. घाई नको.

मराठी माणसाने फ्लोरेन्समध्ये आणखी एका जागी जावं असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथे वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि १८७४ मध्ये त्या जागेजवळ छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला. शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर. ही जागा कास्चिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, आणि शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच ‘पोन्ते आल्ल इंदियानो’ आहे. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, ते नाव कोणावरून आलं हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. उद्यानात गाडी आणू नका. बाहेर लावून चालत किंवा सायकलने जा. उद्यान लांबलचक आहे, त्यामुळे पूर्वेच्या ट्राम थांब्यावर उतरलात तर चाल बरीच पडते.

दुसऱ्या दिवशी किआंती. फ्लोरेन्सहून ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना करत सिएनाला जाणारा २२२ क्रमांकाचा रस्ता. नकाशा तुम्हाला वेगवान रस्त्याने पाठवायला बघेल, म्हणून ग्रेव्हे हे गंतव्य घाला आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा. सिएनात सांता कातेरिना पार्किंगमध्ये गाडी लावा, तिथून सरकत्या जिन्यांनी वर जुन्या शहरात जाता येतं. २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे पालिओची घोड्यांची शर्यत असते. ती पाहायची नसेल तर त्या तारखांच्या आसपास गाडीने सिएनाला जाऊ नका. परतताना मोन्तेरिज्जोनी, चौदा बुरुजांचं छोटं तटबंदीचं गाव, गाडी टेकडीखाली लावून.

सान जिमिन्यानोला स्वतंत्र दिवस द्या. एके काळच्या बहात्तर मनोऱ्यांपैकी चौदा उभे आहेत. तटाबाहेर चार पार्किंग आहेत: पी-१ स्वस्त पण थोडं चालायचं, पी-२ वेशीला जवळ आणि सकाळीच भरणारं. दहाच्या आत पोचा. त्याच दिवशी वेळ उरला तर व्हिंची, १५ एप्रिल १४५२ रोजी लिओनार्दो जिथे जन्मला ते गाव. व्हिंचीजवळच्या आंक्यानो वस्तीतल्या त्याच्या जन्मघरापर्यंतचा रस्ता ऑलिव्हच्या बागांमधून जातो आणि तिथे सार्वजनिक वाहनाने पोचणं कटकटीचं आहे.

पिसाला गाडी नेऊ नका. रेल्वे थेट आणि सोपी आहे.

१०. गाडी परत करताना आणि त्यानंतर

टाकी भरून द्यायची असेल तर विमानतळाजवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. परत करतानाही चित्रफीत काढा. कर्मचारी असताना, कामाच्या वेळेत गाडी द्या, आणि नुकसान नसल्याचं लेखी घ्या. चावी पेटीत टाकून निघून गेलात तर पुढच्या वादात तुमच्याकडे फक्त तुमची चित्रफीत उरते.

काही आठवड्यांनी कार्डावरून कंपनी एखादी रक्कम वळती करू शकते. तो दंड नसतो. पोलिसांनी चालकाची माहिती मागितली आणि कंपनीने ती दिली, त्याचं ते शुल्क असतं. खरा दंड नंतर टपालाने किंवा ईमेलने वेगळा येतो. परदेशात राहणाऱ्याला ३६० दिवसांच्या आत नोटीस पाठवता येते, त्यामुळे करार, पार्किंगच्या पावत्या आणि हॉटेलने नंबर नोंदवल्याचं उत्तर वर्षभर जपून ठेवा. नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि नंबर असतो, तो तुमच्या प्रवासाशी ताडून पाहा. बरोबर असेल तर लगेच भरा: पाच दिवसांच्या आत भरल्यास बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते, साठ दिवसांनंतर रक्कम वाढते. हॉटेलने नोंद केलेली असूनही नोटीस आली तर त्या उत्तराची प्रत जोडून नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर मुदतीत हरकत पाठवा. आणि भरल्याची पावती पुढच्या शेंगेन प्रवासाच्या कागदपत्रांतच लावून टाका.